जंताची गोळी आणि आपली देणगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च जवळ आला की मुंबईतल्या नोकरदारांना दोन गोष्टी आठवतात: राहिलेली गुंतवणूक आणि राहिलेली देणगी. देणगीच्या यादीत हल्ली जंतनाशक मोहिमांची नावं दिसू लागली आहेत. 'चाळीसेक रुपयांत एका मुलाला जंतांपासून मोकळं करा' असा मेसेज कुणीतरी ग्रुपवर टाकतं आणि मग प्रश्न सुरू होतात. दादर-माटुंग्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या ओळखीच्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. पैसे देण्याआधी कागद वाचायची खोड आहे, इतकंच. औषधाबद्दल शंका असेल तर आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

जंत म्हणजे नेमके कोणते?

या मोहिमांचा रोख मातीतून पसरणाऱ्या तीन प्रकारांवर असतो: गोल जंत, व्हिपवर्म आणि हुकवर्म. पहिल्या दोघांची अंडी घाणेरड्या हातांतून, न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून पोटात जातात. हुकवर्मची अळी मात्र अनवाणी पायाच्या कातडीतून थेट शरीरात शिरते, आतड्याला चिकटते आणि रक्त पिते. पंडुरोगाशी तिचा संबंध आहे तो यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे दीडशे कोटी लोकांच्या पोटात यांपैकी काही ना काही आहे.

आफ्रिकेतल्या मोहिमांत चौथा एक शत्रू असतो, शिस्टोसोमियासिस. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमार्फत तो पसरतो आणि त्यावर प्राझिक्वांटेल हे वेगळं औषध लागतं. भारतात तो जवळपास नाहीच. गाजलेला अपवाद आपल्या कोकणातला: रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. १९५२ साली तिथल्या रुग्णांची नोंद झाली आणि परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत हे गाव जाऊन बसलं. गुहागरला जाताना वाटेत पाटी दिसते. थांबणारे बहुतेक वडापावसाठी थांबतात.

हे सगळं खेड्यापाड्यांत. मुंबईत कुठे आहेत जंत?

मानखुर्द-गोवंडीच्या ज्या गल्ल्यांत एका सार्वजनिक शौचालयावर शेकडो माणसं अवलंबून आहेत आणि पोरं उघड्या गटाराशेजारी खेळतात, तिथे जाऊन बघा. जंताला गाव-शहर कळत नाही, त्याला मैला आणि ओलसर माती हवी. म्हणून 'राष्ट्रीय जंतनाशक दिन' महापालिकेच्या शाळांत आणि शहरातल्या अंगणवाड्यांतही पाळतात.

हा कार्यक्रम केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये ११ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत सुरू केला आणि पुढच्या वर्षी देशभर नेला. वय १ ते १९, औषध अल्बेंडाझोल. ठरलेल्या तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, पण राज्यानुसार आणि वर्षानुसार त्या पुढेमागे होतात.

गोळी इतकी स्वस्त, बऱ्याचदा फुकट. मग संस्थेला पैसे कशाला?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि देणगीचा निर्णय याच्या उत्तरावर ठरायला हवा.

गोळ्यांचा खर्च खरोखरच किरकोळ आहे. गरीब देशांतल्या मोहिमांसाठी अल्बेंडाझोल जीएसके ही कंपनी, मेबेंडाझोल जॉन्सन अँड जॉन्सन आणि प्राझिक्वांटेल जर्मनीची मर्क जागतिक आरोग्य संघटनेमार्फत दान देतात. भारतात गोळी सरकारमार्फत येते. म्हणजे 'तुमच्या पैशांत इतक्या गोळ्या' असं जो सांगतो तो अर्धंच सांगतो.

पैसा लागतो तो गोळी पोटात जाईपर्यंतच्या सगळ्या खटाटोपाला. अंगणवाडीतला तो दिवस डोळ्यांसमोर आणा. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी गोळी, वरच्याला पूर्ण. लहानग्याच्या घशात अडकू नये म्हणून सेविका ती दोन चमच्यांमध्ये धरून चिरडते आणि पाण्यात कालवून देते. मोठ्यांनी चावून खायची, सगळ्यांनी तिच्यासमोरच. 'घरी जाऊन खातो' चालत नाही. आज आजारी आहे त्याला द्यायची नाही. हजेरीपटावर त्या दिवशी घेणाऱ्याच्या नावापुढे एक टिक, राहिलेल्यांना मॉप-अपच्या दिवशी दिली तर दोन. हे तिला कुणीतरी आधी शिकवलेलं असावं लागतं, गोळ्या वेळेवर पोचलेल्या असाव्या लागतात, आणि एखाद्या पोराला मळमळलं तर फोन कुणाला करायचा हे ठाऊक असावं लागतं. लाखो शाळा-अंगणवाड्यांत हे एकाच दिवशी जमवायचं आहे.

त्यानंतरचं काम कुणाच्या नजरेत येत नाही: तपासणी. कागदावर ९५ टक्के मुलांनी गोळी घेतली असं आलं तर ते खरं आहे का? चांगल्या संस्था बाहेरचे तपासनीस पाठवतात. ते शाळेत जाऊन मुलांनाच विचारतात: गोळी मिळाली का, खाल्ली का. काही वर्षांनी जंताचं प्रमाण घटलं का हे पाहण्यासाठी शौचाचे नमुने घेतात. नमुना जाळीतून गाळून बरोबर ४१.७ मिलिग्रॅम मावेल अशा भोकाच्या पट्टीतून काचेवर घ्यायचा, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा दाबायचा, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची आणि आकड्याला २४ ने गुणायचं, की एका ग्रॅममागे किती अंडी ते कळतं. हुकवर्मची अंडी तासाभरात दिसेनाशी होतात, म्हणून प्रयोगशाळा शहरात आणि नमुना डोंगरावर असं चालत नाही. हे सगळं कुणी फुकट करत नाही आणि सरकारी अंदाजपत्रकात कात्री आधी इथेच लागते.

हा सगळा खर्च धरूनही एका मुलामागे एका खेपेला साधारण अर्ध्या डॉलरच्या आत काम होतं. मेसेजमधला आकडा आला तो इथून.

कोणत्या संस्था हे काम करतात?

नेहमी कानावर येणारी नावं चार. 'डीवर्म द वर्ल्ड' हा एव्हिडन्स ॲक्शन या अमेरिकी संस्थेचा कार्यक्रम. भारतात आंध्र, बिहार, दिल्ली, राजस्थान इथल्या सुरुवातीच्या मोहिमांना त्याने तांत्रिक मदत केली. केनिया आणि नायजेरियातही त्याचं काम आहे. 'अनलिमिट हेल्थ' म्हणजे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात ॲलन फेनविक यांनी २००२ मध्ये सुरू केलेला शिस्टोसोमियासिस नियंत्रणाचा उपक्रम. हे नाव २०२३ चं आहे, जुने लेख वाचताना घोटाळा नको. 'साइटसेव्हर्स' मूळची डोळ्यांच्या कामाची, पण आफ्रिकेत जंतनाशक मोहिमाही राबवते. 'एंड फंड' स्वतः गोळ्या वाटत नाही; देणगीदारांचा पैसा गोळा करून त्या त्या देशांतल्या भागीदारांना देतो.

गिव्हवेलने २०२२ मध्ये या सगळ्यांना यादीतून काढलं. म्हणजे काहीतरी गडबड सापडली ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की जरा सविस्तर सांगतो.

गिव्हवेल ही २००७ पासून चालणारी अमेरिकी संस्था. देणगीचा रुपया कुठे जास्त कामी येतो याचा हिशेब करते. तिच्या सर्वोत्तम यादीत जंतनाशक संस्था अनेक वर्षं होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने यादीचा निकषच बदलला: यापुढे सरासरीने फायदा मोठा असणं पुरेसं नाही, फायदा होतोच याची खात्रीही दाट हवी. या दुसऱ्या कसोटीवर जंतनाशक मोहिमा बसेनात. ना अफरातफर, ना कामात ढिलाई. यादीबाहेरच्या वेगळ्या निधीतून अशा कामाला पैसे देण्याची वाटही तिने खुली ठेवली.

खात्री का नाही? गोळीने जंत मरतात हे तर सगळ्यांना माहीत आहे.

जंत मरतात, याबद्दल वाद नाही. (व्हिपवर्म एका गोळीला फारशी दाद देत नाही, तो भाग वेगळा.) वाद पुढचा आहे: जंत मेल्यावर मुलाच्या आयुष्यात किती फरक पडतो?

१९९८ मध्ये केनियाच्या बुसिया भागात ७५ शाळांत एक प्रयोग सुरू झाला. काही शाळांत औषध आधी, काहींत नंतर. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी २००४ मध्ये निष्कर्ष छापला की मुलांची गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. हे क्रेमर म्हणजे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल एस्थर डुफ्लो आणि अभिजित बॅनर्जी यांच्यासोबत मिळालेले. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई माहेरच्या पाटणकर, हे दादरमध्ये सांगावं लागत नाही.) त्याच मुलांचा माग पुढे वीस वर्षं काढला. ज्यांना दोन-तीन वर्षं जास्त औषध मिळालं होतं त्यांची मोठेपणी ताशी कमाई १३ टक्के आणि खर्च १४ टक्के जास्त निघाला. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. अर्ध्या डॉलरच्या उपायाला एवढं फळ, म्हणून देणगीदार हरखले.

आता दुसरी बाजू. २०१५ मध्ये लंडनच्या काही संशोधकांनी मूळची आकडेवारी पुन्हा तपासली आणि गैरहजेरीबद्दलचा निष्कर्ष इतका पक्का नाही असं म्हटलं. त्याच सुमारास कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या गटाने बरेच प्रयोग एकत्र पाहून सांगितलं की सरसकट गोळी दिल्याने वजन, हिमोग्लोबिन, अभ्यास यांत सरासरीने फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडून एवढी खडाजंगी झाली की 'वर्म वॉर्स' असं नावच पडलं.

माझं मत विचाराल तर दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. बुसियात सुरुवातीला ९२ टक्के मुलांच्या पोटात जंत होते, त्यात त्या वर्षी एल निनोचा पूर आला होता. इतक्या जंतांनी पोखरलेल्या मुलांना औषधाने मोठा फायदा व्हावा, हे पटतं. पण जिथे दहातल्या एखाद्या मुलाला, तेही मोजकेच जंत आहेत, तिथे सरासरी काढली तर फायदा दिसणार कुठून? म्हणून संस्थेला विचारायचा प्रश्न 'किती गोळ्या वाटल्या' हा नव्हे. 'तिथे जंताचं प्रमाण किती होतं आणि कधी मोजलं' हा आहे.

भारतातला पुरावा काय सांगतो?

उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ या काळात दहा लाख बालकांवर एक अवाढव्य प्रयोग झाला. ७२ तालुकावजा विभाग, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल किंवा व्हिटॅमिन ए. निष्कर्ष २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला: जंतनाशकाने बालमृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही, वजनातही नाही. प्रचारपत्रकांत हा अभ्यास सापडणार नाही. बचाव करणारे म्हणतात की तिथे जंतांचा भार हलका होता. असेलही. पण 'गोळीने जीव वाचतात' असं कुणी सांगितलं तर हा अभ्यास आठवावा.

तपासणी न करता सगळ्याच मुलांना गोळी देणं बरोबर आहे का?

तपासणीचा खर्च गोळीच्या कैक पट आहे आणि जंत नसलेल्याला ती गोळी सहसा अपाय करत नाही, एवढं सोपं गणित यामागे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा: २० टक्क्यांहून अधिक मुलांना लागण असेल तिथे वर्षातून एकदा, ५० टक्क्यांच्या वर असेल तिथे दोनदा.

गोळीने मुलं आजारी पडल्याच्या बातम्या येतात त्याचं काय?

थोडी मळमळ, पोटदुखी, क्वचित उलटी होते. पोटात जंत जास्त असतील तर जास्त. बहुतेक वेळा ते तासा-दोन तासांत निवळतं. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात.

घबराट मात्र गोळीपेक्षा वेगाने पसरते. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीत महापालिकेच्या शाळेतल्या एका मुलीचा मृत्यू झाला. शाळेत दिलेल्या लोहाच्या गोळ्यांमुळे हे झालं अशी बातमी उठली आणि शेकडो पोरांना घेऊन आईबाप रुग्णालयात धावले. त्या मुलीला क्षयरोग होता असं नंतर अधिकाऱ्यांनी सांगितलं. तोवर पालकांच्या मनात 'शाळेतली गोळी' म्हणून सगळ्याच गोळ्या एका पिशवीत गेल्या होत्या. पालकांशी आधी बोलायला, शिक्षकांना प्रश्नोत्तरं शिकवायला पैसे खर्च करणारी संस्था मला म्हणूनच उधळी वाटत नाही.

आजी म्हणते वावडिंगाचं पाणी पुरे.

बाळाला वावडिंग देण्याची पद्धत घरोघरी आहे आणि त्यावरून आजीशी भांडायला कुणी सांगत नाही. शाळेतली गोळी मात्र चुकवू नका.

आणि गोड खाल्ल्याने जंत होतात? झोपेत दात खाणं म्हणजे जंत?

पहिलं नाही, जंत अंड्यांतून येतात, साखरेतून नाही. दात खाण्यावरून जंताचं निदान होत नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा होतातच, तर गोळ्यांऐवजी संडास का बांधत नाही?

बांधायलाच हवेत. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते, तेव्हा मैला मातीत जात राहिला तर गोळी ही नुसती मलमपट्टी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९०९ पासून तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशाने हुकवर्मविरोधी मोहीम झाली, तीत औषध, संडास आणि लोकशिक्षण एकत्र होतं. पण संडास, मलनिस्सारण, नळाचं पाणी हे हजारो कोटींचं आणि महापालिकेच्या इच्छेचं काम आहे. देणगीच्या दहा हजारांत मानखुर्दला गटार येत नाही. तेवढ्यात आफ्रिकेतल्या दोनेकशे मुलांना गोळी मिळते. दोन्ही मागण्या वेगवेगळ्या दारांवर करायच्या आहेत: एक नगरसेवकाकडे, एक स्वतःच्या खिशाकडे.

मुंबईतून परदेशी संस्थेला पैसे पाठवता येतात का? ऐंशी-जी मिळतं का?

पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची मुभा आहे आणि देणगी त्यात बसते. बँक पॅन आणि एक अर्ज मागेल. एफसीआरएची धास्ती तुम्हाला नको, तो कायदा भारतातल्या संस्थांनी परदेशातून पैसे घेण्याबद्दल आहे.

पण करसवलत मिळणार नाही. ऐंशी-जी फक्त भारतात नोंदलेल्या पात्र संस्थांना, तेही तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तर, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी धरत नाहीत. संस्थेकडून नुसती पावती नको, १०बीई प्रमाणपत्र मागा. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात क्रमांक वेगळे आहेत, सीएला विचारा.) आणखी एक खाचखळगा: परदेशी संस्थेच्या भारतीय शाखेला दिलेला पैसा त्याच कामाला जाईल असं नाही. साइटसेव्हर्सचं भारतातलं काम मुख्यतः डोळ्यांचं आहे. उत्तम काम आहे, पण जंताचं नाही.

आमच्या सोसायटीतर्फे जवळच्या वस्तीत जंताच्या गोळ्या वाटू का?

कृपा करून नको. त्याच मुलांना शाळेत किंवा अंगणवाडीत गोळी मिळते. नोंद न ठेवता तुम्ही आणखी एक दिली तर कुणाला किती मिळाली हे कुणालाच कळणार नाही, आणि एखादं मूल घशात गोळी अडकून गुदमरलं तर तिथे प्रशिक्षित माणूस नसेल. हात शिवशिवतच असतील तर वस्तीतल्या अंगणवाडीला साबण, पाण्याचं पिंप, पोरांना चपला काय कमी पडतं ते सेविकेला विचारून द्या.

अमेरिकेने मदत थांबवल्याचा यावर परिणाम झाला का?

झाला. यूएसएड या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांचा (यांत जंतही मोडतात) कार्यक्रम २००६ पासून चालू होता आणि अनेक देशांत औषधवाटपाचा कणा होता. जानेवारी २०२५ मध्ये निधी गोठला आणि पुढे ती यंत्रणाच गुंडाळली. ब्रिटनने आपला हात २०२१ मध्येच आखडला होता. कंपन्या गोळ्या दान देत असल्या तरी त्या गोदामातून शाळेपर्यंत न्यायचे पैसे नाहीत, अशी ही अडचण आहे. निधी गोठण्याआधीचं 'इथे निधी पुरेसा आहे' हे वाक्य वाचलं असेल तर ते आता तपासून घ्या.

नारूचं काम हेच का?

नाही. नारू हाही जंतच, पण पिण्याच्या पाण्यातून येणारा, आणि त्यावर गोळी नाही. पाणी गाळणं आणि रुग्णाला विहिरीत, तळ्यात उतरू न देणं हाच उपाय. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पायातून काडीवर गुंडाळत नारू काढल्याच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं महाराष्ट्रात अजून आहेत. जगात १९८६ च्या सुमारास ३५ लाख रुग्ण होते, आता वर्षाला मोजके. ते काम मुख्यतः कार्टर सेंटर या अमेरिकी संस्थेने रेटलं.

मग तुम्ही स्वतः देता का?

देतो, पण सगळे पैसे नाही. मोठा वाटा हिवताप आणि लसीकरणाच्या कामाला, कारण तिथला पुरावा भक्कम आहे. उरलेला जंतनाशकाला, आफ्रिकेतल्या जास्त लागण असलेल्या भागांसाठी, फायदा मोठा असू शकतो आणि नसूही शकतो हे धरून. ज्यांना आपल्या पैशाने नक्की काय झालं हे कळल्याशिवाय झोप येत नाही, त्यांनी यात पडू नये. भारतातल्या मोहिमेसाठी मी देत नाही; ती सरकारची जबाबदारी आहे, सरकार ती पार पाडत आहे, आणि जिथे पाडत नसेल तिथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

त्या दिवशी आमच्या मावशींचा मुलगा गावी गेला होता, गोळी राहिली. आता?

आठवडाभराच्या आत मॉप-अपचा दिवस असतो, शाळेत किंवा अंगणवाडीत विचारायला सांगा. तोही हुकला तर जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात न्यावं. मुलगा खासगी शाळेत असला किंवा शाळेतच जात नसला तरी तो या कार्यक्रमात बसतो. शाळेत न जाणाऱ्यांना अंगणवाडीत देतात.